इंजिन ‘सुरू’ करावें कीं ‘चालू’ करावें ?

स्पॅनिश भाषेंत इंजिन सुरू करण्यास ‘आर्रांकार’ असें क्रियापद आहे. त्याचा एक अर्थ मुळासकट उपटणें. लॅटिन अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं त्याऐवजीं ‘एन्सेंदेर’ किंवा ‘प्रेंदेर’, म्हणजे पेटविणें, असें म्हणतात. एकाच कृतींत कोणास हिसका दिसतो, कोणास ज्वाला. मराठीस काय दिसतें ?

यवतमाळ जिल्ह्यांतील ढाणकीसारख्या गांवीं विहिरीवर हातानें फिरवावयाचें डिझेल इंजिन आहे असें समजूं. चालविणारा दाब मोकळा ठेवणारा खटका उचलतो, हँडल घालून जड चक्र फिरवितो आणि वेग येतांच खटका सोडतो. सिलिंडरांतील हवा दाबली जाऊन इतकी तापते कीं, आंत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. ठिणगी नाहीं, काडी नाहीं. तेव्हां ‘पेटविणें’ येथें शोभत नाहीं. बोलींतील ‘हँडल मारणें’ हा प्रयोग मात्र दंडांतील श्रम अचूक सांगतो. मोटारसायकलीची ‘किक मारणें’ हें त्याच घरचें. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, पुढें मोटारींचें हँडल गेलें. तरी नुसतें बटण दाबणाराही अद्यापि ‘स्टार्टर मारतो’!

राहिले दोन शब्द. ‘सुरू’ मूळचा अरबी, फारशीच्या वाटेनें आलेला. ‘चालू’ हा ‘चालणें’ पासून झालेला, घरचा. भाषाशुद्धीचा अभिमानी दुसऱ्यास कौल देईल. विहिरीवर मात्र निराळा विचार करावा लागतो.

आज इंजिनाच्या जागीं बहुधा विजेची मोटर असते. पंप विहिरीपाशीं, स्टार्टरची पेटी दूर खोपटांत. पंपाच्या जोडावर हात ठेवून एक जण ओरडून विचारतो, ‘चालू ?’ त्यास म्हणावयाचें असतें, वीज चालू आहे का. खोपटांतील गड्यास ती आज्ञा वाटते आणि तो हिरवें बटण दाबतो. हात अजून जोडावरच असतो.

‘चालू’ अवस्था सांगतो, ‘सुरू’ आरंभ. म्हणून आज्ञेस ‘सुरू कर’ हेंच बरें. ‘पाऊस सुरू आहे’ असेंही म्हणतात हें खरें, म्हणून क्रियापद कधींच गाळूं नये. ‘बंद’ या शब्दाचीही हीच गत आहे. मोटर थांबवावयाची असेल तर ‘थांबव’ म्हणावें, आणि बंद आहे का हें विचारावयाचें असेल तर पुरतें वाक्य बोलावें.