११ ओळींचा कोड गायब झाला आणि जगभर बिल्ड अडले

तुमच्या फोनमधल्या ॲपचा सगळा कोड त्याच टीमने लिहिलेला नसतो. फोटो लोड करणं, सर्व्हरशी बोलणं असली कामं इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्रऱ्या करतात. ॲप बिल्ड करताना ग्रेडलसारखं टूल त्या इंटरनेटवरून ओढून आणतं. यांनाच म्हणतात डिपेंडन्सी. गंमत म्हणजे या लायब्रऱ्यांच्याही स्वतःच्या डिपेंडन्सी असतात!

मार्च २०१६ मध्ये हेच महागात पडलं. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, म्हणून एका डेव्हलपरने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून टाकली. त्यात होती जेमतेम ११ ओळींची 'लेफ्ट-पॅड'. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे स्पेस किंवा शून्य भरायचं. पण 'बेबल' तिच्यावर अवलंबून होतं, आणि बिल्ड धडाधड फेल झाले. शेवटी एनपीएमनेच ती परत आणली.

तुम्ही कोड लिहीत असाल, तर व्हर्जन पक्कं लिहा. ग्रेडलमध्ये '१.+' लिहिलं, की काल चाललेला बिल्ड आज अडू शकतो आणि तुम्ही स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसता. लॉक फाइलही गिटमध्ये ठेवा. अर्थात ती फक्त कोणतं व्हर्जन हवं ते सांगते. तेच सर्व्हरवरून उडालं तर काय? म्हणून बऱ्याच कंपन्या लायब्रऱ्यांची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात. आणि दहा ओळींचं काम असेल, तर मी तरी सरळ स्वतः लिहितो.