रात्रीच्या झोपेत केसांच्या बटा जपायच्या कशा?

गेल्या मे महिन्यात आमच्या पुतणीचा मंगल परिणय होता. वेळ सकाळी अकराची. पार्लरवाल्या बाईंकडे त्या सकाळी आणखी दोन नवऱ्या होत्या, म्हणून केसांचे काम आदल्या संध्याकाळीच उरकून घेतले. गरम रॉडने सुंदर बटा पाडल्या. बाराशे रुपये मोजले. रात्री घरात पाहुणे, सगळ्यांना मिळून एक पंखा. पोर सतरंजीवर सुती उशी घेऊन उजव्या कुशीवर झोपली. सकाळी बघते तो डावीकडच्या बटा शाबूत, उजवीकडच्या सपाट आणि मागे मानेवर गुंता. "काकू, आता काय करू?" म्हणून ती रडायला लागली. आम्ही दोघी जावांनी मिळून अंबाडा घातला, गजरा माळला आणि वेळ निभावली. पण बाराशे रुपये पाण्यात गेले ते गेलेच.

भगिनींनो, हे टाळता आले असते. मी पुढे माहिती काढली, ती सांगते.

केसाला ओल किंवा उष्णता लागली की त्याच्या आतले काही कच्चे बंध सुटतात आणि केस वाळताना किंवा गार होताना ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. रॉडच्या बटा टिकतात त्या या बंधांवर. म्हणून बट रॉडवरून सोडल्यावर पूर्ण गार होईपर्यंत तिला हात लावू नये. आणि म्हणूनच घाम, दमट हवा, ओला टॉवेल हे तिचे शत्रू. मुंबईच्या पावसाळ्यात आदल्या दिवशीच्या बटांची खात्री कोणी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा शत्रू सुती अभ्रा. सुती कापड केसातला ओलावा आणि तेल शोषून घेते, आणि आपण रात्रभर कूस बदलतो तसतसा केस त्यावर घासतो. साटीन गुळगुळीत असते, त्यावरून केस घसरतो. रेशीमच पाहिजे असे नाही, परकराच्या अस्तराचे साधे साटीन चालते.

झोपताना बटा विंचरू नयेत, तेल लावू नये. एकेक बट बोटाभोवती तिच्याच वळणाने गुंडाळून डोक्याशी चपटी ठेवावी आणि पिनेने अडकवावी. एवढा वेळ नसेल तर सगळे केस टाळूवर उंच गोळा करून कापडी पट्टीने सैल बांधावेत. सैल म्हणजे सैलच. घट्ट रबराने वळ पडतो, आणि रोज ताणून बांधले तर कपाळाजवळचे केस विरळ होतात. वरून साटीनची टोपी.

टोपी घरी अर्ध्या तासात होते. साटीनचा 24 इंच व्यासाचा गोल कापा, कडेला दुमड घालून अर्ध्या इंचाची नळी शिवा, त्यातून 20 इंच इलास्टिक ओवा. कपाळावर खूण उमटली तर इलास्टिक वाढवा. उरलेल्या तुकड्यांत उशीचा अभ्रा निघाला तर उत्तमच. सकाळी पिना काढल्यावर फणी नको, बोटांनीच बटा मोकळ्या कराव्यात.

ही टोपी मुळात अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या घरातली. त्यांचे केस जन्मजात दाट कुरळे, कोरडे पडणारे, म्हणून रात्री डोके झाकून झोपण्याची त्यांच्याकडे जुनी रीत आहे. त्या डोक्यावरच्या कापडालाही इतिहास आहे. 1786 साली न्यू ऑर्लिन्समध्ये स्पेनची सत्ता असताना गव्हर्नर मिरो याने फर्मान काढले, की स्वतंत्र काळ्या आणि मिश्र वंशाच्या स्त्रियांनी केस सजवून मिरवू नयेत, ते कापडाने बांधावेत. खालची पायरी दिसावी म्हणून! त्या बायांनी रंगीबेरंगी, उंची कापडे निवडली आणि अशी काही बांधली की ती बंधने न राहता दागिनाच झाली. पुढे 2019 साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की केसांच्या पोतावरून किंवा वंशाशी जोडलेल्या केशरचनेवरून शाळेत वा नोकरीत कोणाला वेगळे वागवता येणार नाही. तसा कायदा करणारे ते तिथले पहिले राज्य.

हे वाचताना मला माझी धाकटी आठवली. तिचे केस जन्मापासून कुरळे. सातवीत असताना तिच्या वर्गातल्या बाईंनी सगळ्यांसमोर, "हे झाड जरा चापूनचोपून आणत जा," म्हणून ऐकवले. मी तेव्हा काय केले? दुसऱ्या दिवशी वाटीभर खोबरेल थापून घट्ट दोन वेण्या घातल्या. बाईंना भेटायला जायला हवे होते, ते गेले नाही. पोरगी वर्षभर आरशात बघायची नाही.

आता ती कॉलेजात आहे. तिच्या बटा रॉडच्या नाहीत, तेव्हा तिचे शास्त्र उलटे. तिला झोपण्यापूर्वी थोडा पाण्याचा हात आणि टोकांना तेलाचे दोन थेंब चालतात, पण केस ओलेचिंब ठेवून झोपू नये. बाकी उंच सैल अंबाडा आणि टोपी तीच. तिच्यासाठी मी माझ्या जुन्या जांभळ्या परकराची टोपी शिवली. धाकटा भाऊ पहिल्या रात्री "हॉटेलातला आचारी" म्हणून हसला. तिने टोपी कानांवर ओढली आणि त्यालाच दिवा बंद करायला सांगितला.