नांगराचं चित्र भिंगाखाली

मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या धानाच्या पट्ट्यात एखाद्या घरी जुनं कॅलेंडर निघतं: बैलजोडी, मोट, लोखंडी नांगर. शहरात अशी चित्रं आता फ्रेम करून विकतात. चित्र जुनं की जुन्याची नक्कल, हे बघायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

आधी शिळाछाप. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र उलटं काढायचं आणि दगड ओला करायचा. ओल्या भागावर छपाईची शाई धरत नाही, रेघांवर धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड; कागद किंचित सरकला की कडेला रंग सांडलेला दिसतो. भिंगाखाली हाताने दिलेले लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात. रविवर्मांच्या छापखान्यात मुख्यतः देवदेवता छापल्या गेल्या; शेतकऱ्याला भिंतीवर जागा दिली ती बहुधा खतं-पंपांच्या कॅलेंडरांनी.

ती कॅलेंडरं बहुतेक ऑफसेट छपाईची. निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार शायांचे ठिपके रांगेत बसतात आणि त्यांची बारीक फुलं होतात. शिळाछाप म्हणून विकायला आणलेल्या चित्रात ही फुलं दिसली तर ती नक्कल समजावी. इंकजेटमध्ये रांगा नसतात, नुसता बारीक फवारा असतो.

चित्रातली अवजारंही बोलतात, पण अर्धंच. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली आणि तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले. अवजारापेक्षा चित्र जुनं असू शकत नाही, नवं मात्र कितीही असू शकतं. (कॅलेंडरवाल्यांना काळ्या रानातली नांगरट फार प्रिय. आमच्या बांधीतली रोवणी, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, त्यांना क्वचितच दिसली असावी.)

किंमत ठरते प्रतींवर. बंगालच्या हरेन दास यांनी खेड्यातलं जगणं लाकडी ठशांतून छापलं. अशा कलाछापांवर खाली पेन्सिलीने 12/50 असा आकडा असला, तर पन्नासांतली बारावी प्रत. कॅलेंडराच्या प्रतींना असली मर्यादा नसते. वर्ष सरलं की बहुतेक चुलीत जातात, टिकते एखादीच.

घरी असं चित्र असेल तर सेलोटेप लावू नका, उन्हात टांगू नका, पावसाळ्यात ओल आणि कसर यांपासून जपा. मागे पेन्सिलीने साल आणि कुठून आलं ते लिहून ठेवा.