बॅकअपची घडी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत एका शाळेच्या कार्यालयातला संगणक बंद पडला, म्हणून आम्ही मदतीला गेलो. पाच वर्षांच्या निकालपत्रकांचा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, एका पेनड्राइव्हवर होता. जागा वाचावी म्हणून सगळ्या फायली एकत्र करून, कॉम्प्रेस करून, त्यांची एकच फाइल केलेली होती. हा सल्ला आमचाच! फाइल उघडायला घेतली. पहिल्या दोन वर्षांची पत्रके निघाली, आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्येच ‘फाइल खराब आहे’ असे सांगून प्रोग्रॅम थांबला. त्याच पेनड्राइव्हवर स्नेहसंमेलनाचे फोटो एकेक करून साधे कॉपी केलेले होते. त्यांतले दोन बिघडले होते, बाकीचे सगळे व्यवस्थित उघडले. पेनड्राइव्ह एकच, मग नुकसानीत एवढा फरक का?

उत्तर हजेरीपटात सापडेल. समजा, वर्गात ६० मुले आहेत. हजर मुलासाठी ‘ह’ आणि गैरहजर मुलासाठी ‘ग’ लिहिले, तर एका दिवसाच्या हजेरीला ६० अक्षरे लागतील. पण पहिली २२ मुले हजर, पुढचा १ गैरहजर, मग १६ हजर, २ गैरहजर आणि शेवटची १९ हजर असतील, तर ‘ह२२ग१ह१६ग२ह१९’ एवढे लिहून भागते. ६० च्या जागी १३ चिन्हे. माहिती मात्र काहीच गेली नाही. घडी उलगडली की मूळ हजेरी जशीच्या तशी मिळते.

आता या ओळीवर शाईचा डाग पडला आणि २२ चे १२ वाचले गेले, असे समजा. उलगडून पाहा. १३ व्या क्रमांकाचा मुलगा गैरहजर होईल, त्याच्या जोडीला ३० आणि ३१ वे. खरे गैरहजर होते २३, ४० आणि ४१ वे. ते तिघे हजर दिसतील. शेवटच्या दहा मुलांची तर नोंदच उरणार नाही. डाग एका आकड्यावर, आणि बिघाड पुढच्या सगळ्या वर्गात. तोच डाग मूळच्या ६० अक्षरी ओळीवर पडता, तर एकाच मुलाची हजेरी पुसली गेली असती. (फळ्यावर हे जरूर करून पाहा. कोणता आकडा बिघडला तर सर्वांत जास्त नुकसान होते, हे मुलांना शोधू द्या.)

संगणकातली पद्धत याहून हुशार असते, पण दुखणे तेच. १९७७ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव या इस्रायली शास्त्रज्ञांनी एक युक्ती मांडली: जो मजकूर आधी येऊन गेला, तो पुन्हा लिहायचा नाही, ‘इतके मागे जा, तिथून इतकी अक्षरे उचला’ एवढीच खूण ठेवायची. झिप फायलींमध्ये रूढ असलेली पद्धत याच युक्तीवर उभी आहे आणि ती ३२,७६८ बाइटांपर्यंत मागे पाहते. त्यावर १९५२ मधली डेव्हिड हफमन यांची युक्ती चढवतात: वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत, क्वचित येणाऱ्यांना लांब. आता एक बिट बिघडला, की कोणता संकेत कुठे संपतो हेच चुकू शकते. शिवाय बिघडलेल्या मजकुराकडे बोट दाखवणाऱ्या पुढच्या खुणाही चुकीचे उचलतात.

मराठी मजकुराची घडी चांगली बसते, याला एक गमतीदार कारण आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो, आणि दुसरा दोनांपैकी एक. एवढी पुनरुक्ती म्हणजे कॉम्प्रेशनला मेजवानीच.

फोटोंचे तसे नाही. जेपेग फोटो कॅमेऱ्यातच कॉम्प्रेस होऊन येतो, त्याला पुन्हा झिप केल्याने जवळजवळ काहीच वाचत नाही. सगळ्याच फायली लहान करील अशी, माहिती न गमावणारी युक्ती असूच शकत नाही. १० बिटांच्या वेगवेगळ्या फायली १०२४. त्याहून लहान फायली, अगदी रिकामी धरूनही, १०२३. सगळ्यांना लहान घर मिळणार कसे? म्हणून बॅकअपची टेप विकताना जो मोठा आकडा सांगतात, तो जपून वाचावा. एलटीओ-९ जातीच्या टेपवर १८ टेराबाइट खरोखर मावतात. ४५ हा आकडा माहिती अडीच पट आटेल असे गृहीत धरून दिलेला असतो.

पण फोटो कॉम्प्रेस केलेलेच होते, तर ते वाचले कसे? प्रत्येकाची घडी वेगळी होती म्हणून. बीझिप२ नावाचा प्रोग्रॅम हेच करतो. तो फाइलचे जास्तीत जास्त ९ लाख बाइटांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कॉम्प्रेस करतो. एक तुकडा गेला तरी बाकीचे सोडवून घेता येतात. मात्र तुकडे जितके लहान, तितकी बचत कमी, कारण मागे पाहायला मजकूर थोडा उरतो.

बिघाड झाल्याचे कळते कसे, हेही हजेरीवरून दिसेल. आकड्यांची बेरीज ६० यायला हवी, आली ५०. म्हणजे कुठेतरी चूक आहे. झिप फाइलमध्ये अशीच एक ३२ बिटांची ताळ्याची संख्या साठवलेली असते. चूक आहे एवढे ती सांगते, दुरुस्त मात्र करू शकत नाही.

त्या शाळेत आता प्रत्येक वर्षाची झिप वेगळी असते. कॉम्प्रेशनने वाचलेल्या जागेत सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवतात, आणि ती डिस्क मुख्याध्यापकांच्या घरी असते. दर सहामाहीला दोन्ही प्रती उघडून पाहतात. तिसऱ्या वर्षापासूनची पत्रके मात्र कागदी रजिस्टरांवरून पुन्हा टाइप करावी लागली. त्यात अख्खी सुट्टी गेली, आणि सल्ला आमचा असल्याने निम्मे टायपिंग आमच्याकडे आले.