तज्ज्ञांचा सल्ला, दात्यांचा पैसा आणि वस्तीचे आरोग्य

मागील वर्षी आपल्या वस्तीत एका कंपनीच्या सामाजिक निधीतून आरोग्य शिबिर झाले, ते सभासदांना आठवत असेलच. मंडप चांगला होता, डॉक्टर मंडळीही आपुलकीने वागली. रक्तदाब तपासला, साखर तपासली, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, छायाचित्रे घेतली आणि सायंकाळी गाडी निघून गेली. पुढे अभ्यासवर्गात एका वयोवृद्ध भगिनीने विचारले, "सोळाव्या दिवशी गोळी कुणाकडं मागायची?" त्या दिवशी आम्हा कार्यकर्त्यांपैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

प्रथम पैशाचा उगम पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ठरले. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. म्हणजे खर्च करणे कायद्याने आले. परंतु कोणत्या गावात, कोणत्या कामावर आणि किती दिवस, हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. त्यात वस्तीला मत नाही. मत नसले की हक्कही नसतो, ही गोष्ट आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

तज्ज्ञ आणि खाजगी पैसा एकत्र आले म्हणजे वाईटच होते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणाऱ्याने जामखेडला जाऊन यावे. आपल्याच जिल्ह्याच्या (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) या अवर्षणग्रस्त तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, बरा करून पाठवलेला रोगी काही दिवसांनी त्याच रोगाने परत येतो, कारण रोगाचे मूळ गावच्या पाण्यात आणि रिकाम्या ताटात आहे. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते जामखेडला आले. प्रारंभीचा पैसा बहुतांशी चर्चशी संलग्न अशा परदेशी संस्थांचा होता. म्हणजे तज्ज्ञही होते आणि खाजगी पैसाही होता.

मग वेगळे काय घडले? त्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका गावोगावी नेमून पाहिल्या. तो प्रयोग नीट चालला नाही. गाव त्यांना आपले मानीना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. निवडून आलेल्या अनेक बाया दलित होत्या आणि कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. बाळाचे वजन घेणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजणे, गरोदर बाईची तपासणी, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे असे एकेक शिकून गावी परतत. डॉक्टरांनी आपली विद्या कुलपात ठेवली नाही, हे आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या भागातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ होते, ते १९७६ पर्यंत ५२ वर आले.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. दुष्काळाच्या दिवसांत कूपनलिका घेताना त्यांची जागा दलित वस्तीत निवडण्याचा आग्रह धरला गेला. पाणी हवे तर बाकीच्या गावाने तेथे यावे! १९२७ साली चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला, त्याला येथे कूपनलिकेची जागा ठरवून उत्तर दिले गेले. कूपनलिका कोठे घ्यायची हा तांत्रिक निर्णय आहे असे आपण समजतो, पण तो कधीच नुसता तांत्रिक नसतो.

जामखेडची कीर्ती बाहेर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगातील अशा प्रयोगांवर एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर प्रकरण होते. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला. आरोग्य हा हक्क आहे आणि लोकांचा सहभाग हा त्याचा पाया आहे, असे त्यात मान्य झाले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण त्याच १९७९ साली इटलीतील बेलाजियो येथे दुसरी एक बैठक भरली. ती रॉकफेलर फाउंडेशन या खाजगी संस्थेच्या आश्रयाने झाली आणि जागतिक बँकेचे अध्यक्ष मॅक्नामारा तेथे उपस्थित होते. तेथील तज्ज्ञांच्या मांडणीचा आशय असा की, सर्वांना सर्व आरोग्यसेवा देणे गरीब देशांना झेपणार नाही. तेव्हा थोड्या पैशांत जास्त जीव वाचतील असे मोजकेच उपाय निवडावेत. लसीकरण, क्षारसंजीवनी, स्तनपान, बाळाचे वजन. उपाय खोटे नव्हते. त्यांनी असंख्य मुले वाचली, हे मान्य करायलाच हवे. परंतु यादी करताना जे मोजता येत नाही ते गळाले. गावाने बाई निवडणे गळाले, कूपनलिकेची जागा गळाली. पुढे १९८७ साली जागतिक बँकेने सरकारी दवाखान्यात रुग्णांकडून शुल्क घ्यावे असाही सल्ला दिला. महाराष्ट्रातही केसपेपरचे पैसे द्यावे लागत, ते आपण सर्वांनी मोजले आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले.

आपल्या देशात काय झाले तेही थोडक्यात सांगतो. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना ५० रुपये. निवड बहुधा गावच्या पुढाऱ्यांच्या हाती राहिली आणि नेमले गेले ते बहुतांशी पुरुष. ती योजना हळूहळू बारगळली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली, यावेळी ती गावातलीच बाई होती. मात्र तिला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला; आणि तोही वेळेवर मिळेना. महाराष्ट्रातील आशा भगिनींना २०२१ आणि २०२३ साली संप करावा लागला. मधल्या काळात, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव जिनिव्हात आणि मोबदल्यासाठी धरणे मुंबईत, असा हा प्रकार!

आता पैशाचा दुसरा नमुना पाहू. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील किती आई-बापांनी खडी फोडली, हे घरोघरी ठाऊक आहे. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या त्या पैशात शासनाने तितकीच भर घालायची, असा नियम झाला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता द्यावा लागे. या योजनेवर अर्थतज्ज्ञांनी कडक टीका केली, उणिवा दाखवल्या, काही योग्यच होत्या. पण मजूर तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकत होता, कारण पैसा कराचा होता. दात्याच्या दारावर मोर्चा कसा नेणार?

डॉ. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे अधिकारी विद्वान होते. तरीही १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा सक्तीने उतरवावा, अशी तरतूद थेट संविधानात मागितली. हितकारी गोष्ट सरकारच्या मर्जीवर किंवा बाजाराच्या चांगुलपणावर सोडू नये, हा त्यामागचा विचार होय. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. सुरुवातीची तिची रचना अशी होती : हप्ता शासनाने भरायचा, दावे विमा कंपनीने मंजूर करायचे, उपचार सरकारी वा खाजगी रुग्णालयात. हृदयाच्या शस्त्रक्रियेला ती उपयोगी पडली, आपल्याही काही कुटुंबांना पडली. मात्र रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या मोठ्या उपचारांभोवतीच ती बांधलेली आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला तिचा उपयोग नाही.

म्हणून आम्ही पुन्हा त्या भगिनीच्या प्रश्नाकडे आलो. अभ्यासवर्गातील दोन विद्यार्थिनी शिबिराची यादी घेऊन आशाताईंकडे गेल्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांची नावे त्यांच्या वहीत नोंदवून आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळतात. अडचण जाण्या-येण्याची होती. ती तरुण मंडळाने आळीपाळीने वाटून घेतली आहे. कधी गोळ्या शिल्लक नसतात, तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देतो व त्याची पोच घेतो. याशिवाय २००५ च्या अभियानात गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीसाठी वर्षाला १० हजार रुपयांपर्यंतच्या अबंधित निधीची तरतूद झाली. तो कशावर खर्च व्हावा, हे समितीने ठरवायचे असते. आपल्या गावची समिती केव्हा भरते आणि तिच्या खात्याचा हिशेब कोठे पाहावयास मिळतो, याची चौकशी येत्या ग्रामसभेत करावयाची आहे. ज्या सभासदांना त्या दिवशी सुट्टी काढता येईल, त्यांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे.