डोर्नकल नावाचा परदेश

सिकंदराबादहून विजयवाड्याकडे जाणारी गाडी काझीपेट, महबूबाबाद मागे टाकून डोर्नकल जंक्शनला येते. कोत्तागुडेमच्या कोळसापट्ट्याकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. एरवी या स्टेशनचं नाव लक्षात राहण्याचं काही कारण नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळ ख्रिस्ती माणसांसाठी हे गाव चक्क परदेश होतं. राज्य निजामाचं, कारभार उर्दूत, बोली तेलुगू.

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गोरा साहेबच येतो. डोर्नकलला आलेले प्रचारक मात्र सावळे होते आणि त्यांचा पगार लंडनहून येत नव्हता. 1903 साली तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती मंडळींनी ‘इंडियन मिशनरी सोसायटी’ काढली. माणसं आपली, पैसा आपला, हा तिचा दंडक. तिच्या संस्थापकांपैकी एक होते वेदनायगम सॅम्युएल अझरिया. 1909 मध्ये, पस्तिशीत, ते पाद्री होऊन स्वतःच डोर्नकलला आले. तेलुगू शिकले. कधी सायकलवर, कधी बैलगाडीतून गावं पालथी घातली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सुनावलं: तुम्ही त्याग केलात, पैसा दिलात, पण आम्हाला बरोबरीची मैत्री दिली नाहीत. सभागृहातल्या पुष्कळांना ते झोंबलं. तरीही 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप.

गावातलं खरं काम मात्र बिशपचं नव्हतं, ते गावमास्तराचं होतं. माला किंवा मादिगा या दलित जातींच्या वाड्यात गवताने शाकारलेली एक खोपटी, तीच शाळा आणि तेच प्रार्थनाघर. दिवसा पोरांना मुळाक्षरं, रात्री मजुरीवरून परतलेल्या मोठ्यांना तेलुगू चालीतली भजनं. अशा मास्तरांना डोर्नकलला शिकवून तयार करत, आणि त्यांच्या बायकांनाही. वाड्यातल्या बायकांपर्यंत पोचायचं तर बाईच हवी, हे अझरिया आणि त्यांच्या पत्नी अंबू या दोघांनी ओळखलं होतं. वर्गणीची रीतही गावच्या ऐपतीची. रोज भात शिजत घालताना बाईने मूठभर तांदूळ देवाच्या नावाने वेगळे काढायचे. ज्यांना गावाने कायम घेणारे ठरवलं होतं, ते या मुठीमुळे देणारे झाले. अझरियांची खरी करामत मला इथे दिसते.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. कारण याच निजामी राज्यात, जालन्याजवळ, अर्धशतक आधी असा प्रयोग झाला होता. 1843 साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री मुंबईहून तिथे गेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत जातीत घेण्यावरून बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला, ते प्रकरण आपण शाळेत कधीतरी वाचलेलं असतं. त्या थोरल्या भावाचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी सांगत नाही. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. तिथे आलेली कुटुंबं मुख्यतः मांग समाजातली.

हैदराबादच्या आसपास मिशन म्हणताच लोक मेदकचं नाव घेतात. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या वेस्लियन मिशनऱ्याने दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून तिथलं कॅथीड्रल बांधायला घेतलं. 1914 ते 1924 अशी दहा वर्षं ते चाललं. मनोरा चारमिनारहून उंच होतोय म्हणून निजाम रागावला, ही कथा गाईड अजून रंगवून सांगतात. त्यापुढे डोर्नकलचं 1939 मधलं कॅथीड्रल आकाराने साधंच. पण घुमट-मिनार मुसलमानी वळणाचे, खांब देवळासारखे, आणि वर क्रूस. इथल्या माणसाला आत शिरताना परकं वाटू नये, ही त्यामागची अझरियांची इच्छा.

भाकरीसाठी धर्म बदलला, हा आरोप तेव्हाही होता. सेवेच्या आडून धर्मांतर नको, असं गांधीजी ठामपणे म्हणत, आणि अझरियांशी त्यांचं याच मुद्द्यावर बिनसलं. दुष्काळात अन्नाचा मोह नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. पण नुसत्या पोटासाठी आलेला माणूस दुष्काळ सरल्यावर रोजची मूठ काढून ठेवत नाही. बाटवाबाटवीच्या चर्चेत या माणसाच्या अकलेचा हिशेब कोणीच धरत नाही, ना प्रचारक ना विरोधक.

जातीने मात्र चर्चमध्येही पिच्छा सोडला नाही. माला आणि मादिगा यांच्यातलं अंतर बाप्तिस्म्यानंतरही उरलं. कायद्याचा हिशेब तर आणखी वेगळा. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला मादिगा आजही त्याबाहेर आहे. तेलंगणात त्याची नोंद मागासवर्गाच्या ‘क’ गटात होते, आणि त्या गटाला आरक्षण आहे एक टक्का.