चालुक्यांची शिकारथाळी आणि कृष्णाकाठची चूल

शिकारीचे मांस कसे साफ करावे, कसे भाजावे आणि कशाबरोबर खावे, याचे सुमारे ९०० वर्षांपूर्वीचे लेखी वर्णन आपल्याकडे उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, हत्ती, रत्ने, संगीत, मृगया, मासेमारी असे सारे विषय त्याच्या शंभर अध्यायांत आले आहेत. राजाच्या जेवणाला त्यात ‘अन्नभोग’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली छापून आला.

या ग्रंथाचे आणि सातारा-सांगलीचे नाते जवळचे आहे. सोमेश्वराचे वडील सहावे विक्रमादित्य यांची राणी चंदलदेवी ही कऱ्हाडच्या शिलाहारांची राजकन्या. तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हण कवीने केले आहे.

मानसोल्लासातली रानडुकराची कृती पाहा. डुकरावर पांढरे फडके पसरायचे आणि त्यावर उकळते पाणी ओतत राहायचे, म्हणजे केस सहज उपटले जातात. नाहीतर अंगाला माती लिंपून गवताच्या जाळावर धरायचे. मग धुऊन, भाजून तुकडे करायचे, पुन्हा निखाऱ्यावर खरपूस करायचे आणि वरून सैंधव, मिरपूड व आंबट रस घालायचा. काळजाचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून, मसाल्यात तळून दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडायचे. शेतात, नदीकाठी पोसलेले उंदीरही या राजाला वर्ज्य नव्हते.

या स्वयंपाकघरात लाल मिरची कुठेच नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. टोमॅटो आणि बटाटाही तसेच नंतरचे. आज ज्या कांदा-लसूण मसाल्यावाचून इकडचा रस्सा होत नाही, त्याचा लालभडक रंग त्या काळी कुणी पाहिला नव्हता. तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा, वास हिंगाच्या पाण्याचा, आंबटपणा चिंच-आवळ्याचा.

या कृतींमागे शहाणपण आहे. रानात धावणाऱ्या जनावराच्या अंगावर चरबी थोडी आणि स्नायू चिवट. त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजेन मंद आचेवर, पाण्यात, पुष्कळ वेळाने विरघळते. आंबट रस तंतू सैल करतो. उघड्यावर चरलेल्या गावरान बोकडालाही हेच लागू पडते, म्हणून जून मटण चुलीवर तासन्‌तास रटरटत ठेवतात. बोकडाची मुंडी आणि पाय आजही आधी जाळावर धरून केस जाळतात, मग सुरीने खरवडून धुतात. रक्ती आणि वजडी आवडीने खाणारी घरे गावोगावी आहेत. मानसोल्लासातही रक्त आणि आतडी वाया जात नाहीत, त्यांचे वेगळे पदार्थ आहेत.

रानडुक्कर, ससा किंवा भेकर मात्र आता चुलीवर चढता कामा नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. शिकार केलेला वन्यप्राणी आणि त्याचे मांस ही कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते, त्यामुळे असे मांस घरात बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. कोयना आणि चांदोली मिळून २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या वाघ-बिबट्यांचे अन्न म्हणजे हेच सांबर, भेकर आणि रानडुक्कर. एक फासा लावला की वाघाच्या तोंडचा घास जातो.

सोमेश्वराची विद्या मात्र घरोघरी वापरता येते. गावरान बोकडाचे मटण घ्यावे, त्याला हळद, आले, मिरपूड आणि हिंगाचे पाणी लावून मुरू द्यावे, मंद आचेवर शिजवावे आणि उतरवताना चिंचेचा कोळ घालावा. मिरचीआधीचा महाराष्ट्र कसा जेवत असेल, याची चव कोणताही कायदा न मोडता कळेल.